त्रैराशिकाची वही

भोरला आम्ही दोघे-तिघे माजी मास्तर संध्याकाळी जमलो, की शाळेचे किस्से निघतात. इतके साठलेत, की कुणी "नोकरी का सोडलीत?" असं विचारलं तरी आम्ही किस्साच सांगतो. हसता हसता खरं उत्तर द्यायचं राहून जातं. ते सोयीचंही आहे म्हणा!

*

मार्गासनीच्या शाळेत तात्या हेडमास्तर, मी त्यांच्या हाताखाली. पोस्टही शाळेतच. तात्या भर वर्गात आयाबायांची पत्रं लिहून देत. एकदा इन्स्पेक्टरसाहेबांनी एका पोराला विचारलं, "बाहेरगावी असलेल्या वडिलांना पत्र कसं लिहाल?"

पोरगं धाडधाड बोललं, "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. म्हस आटली. दारू पिऊन येणार आसाल तर येऊच नका!"

सगळी शाळा हसली, साहेब सोडून! त्यांनी तात्यांना पोरांसमोरच झापलं. त्याच दिवाळीत त्यांनी राजीनामा दिला आणि भोरला शिकवण्या सुरू केल्या.

*

पहिली शिकवणी मामलेदारांच्या मुलाची. "मास्तर होतो तेव्हा ह्यांच्या कचेरीत तासतासभर उभा असायचो," तात्या सांगतात. "आता तेच म्हणतात, बसा! अरे, खुर्चीसाठी नोकरी सोडली मी!"

*

मी राहिलो. भातलावणीत वर्ग ओस पडला, तेव्हा मीही खाचरात उतरलो. पोरं रोपं लावत होती, मी पाढे घेत होतो. धोंडीबाचा गेनू सगळ्यांत हुशार, एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणायचा. मला वाटलं, रोपंही लावून बघावीत.

धोंडीबा बांधावरून ओरडला, "मास्तर, पाढं बराबर हायती, पर तुमची रोपं समदी आडवी झाल्याती!"

*

गेनूच्या सातवीच्या फायनल परीक्षेला तीन महिने उरले आणि तात्यांचा निरोप आला, "ये इकडे. खुर्ची मिळेल!"

गेलो. ह्याची लाज वाटतेच, पण पुढच्याची जास्त वाटते. सोडवलेल्या त्रैराशिकांची माझी एकच वही होती. मुलं पाळीपाळीनं ती घरी नेऊन उतरवून घेत. शेवटची पाळी गेनूची. मी निघायच्या दिवशी सकाळी त्यानं ती शाळेच्या कपाटात आणून ठेवली आणि मी कुणाला न सांगता पिशवीत घातली. भोरला शिकवणीला लागणारच होती!

*

रिझल्टनंतर धोंडीबा भोरला माझ्या दारात आला. मागे गेनू, मान खाली. धोंडीबानं तांदळाचं गाठोडं उंबऱ्याशी ठेवलं.

"पोरगं नापास झालं, मास्तर. त्येचं काय न्हाई. पर तुमची वही ह्यानंच हरिवली. शेवटाला ह्याच्याकडंच हुती. म्हनतुय, कपाटात ठिवली. लई मारला, तरी कबूल हुईना. म्हून माफी मागाया आलोय."

गेनूनं मान वर केली. माझ्यामागे टेबलावर वही उघडीच पडली होती.

मी तिच्यावर पंचांग सरकवलं, खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "असू दे, धोंडीबा. मुलांच्या हातून हरवतं कधी कधी!"