एक फोल्डर वगळून

“काय वं पोरी, आवाजाचं रिचार्ज मारता येते काय?”

काकूनं हे विचारलं तेव्हा माझ्या दुकानात सात-आठ म्हातारे हयातीच्या दाखल्यासाठी बसले होते आणि अंगठ्याचं मशीन नेहमीसारखं रुसलं होतं. रिसोडला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नोव्हेंबर लागला की पेन्शनवाल्यांची ही गर्दी होते. काकू रिठदहून पहिल्या गाडीनं आली होती, तिलाही दाखलाच हवा होता.

“कोणाच्या आवाजाचं?” मी मान वर न करता खेकसले. माझं तोंड तसंच आहे, गावाला माहीत आहे.

“यायच्या,” ती हळूच म्हणाली. “संपला तो. म्या रोज ऐकला ना बापा. म्याच संपवला.”

मी मान वर केली.

‘यायच्या’ म्हणजे माझ्या काकाच्या. काका आयुष्यभर कंडक्टर होता आणि त्याचा आवाज टपावर बसलेल्यालाही ऐकू जाईल असा होता. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचायला कायम काकाच बसायचा, दुसऱ्याला बसूच द्यायचा नाही. “माह्यासारखं वाचणारा सापडणार नाही तुमाले,” असं वर ऐकवायचा. शेवटच्या वर्षी मी ते वाचन मोबाइलवर भरून घेतलं. श्रद्धा वगैरे काही नव्हती. भलत्याच जागी खोकतो, मधेच पोरांवर ओरडतो, हे त्याला एकदा त्याच्याच आवाजात ऐकवायचं होतं. ऐकवायचं राहूनच गेलं. त्या हिवाळ्यात तो गेला.

त्याच्या नावानं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी नातेवाइकांनी विहाराला सतरंज्या दिल्या, पंखा दिला. मी काकाच्या सगळ्या संध्याकाळी माझ्या दुकानाच्या वेबसाइटवर ठेवल्या. ‘वाचन’ नावाचं एक फोल्डर केलं आणि त्याचा चौकोनी कोड छापून काकूच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. फोन समोर धरला की संध्याकाळींची यादी उघडायची, हवी ती दाबायची. काकू एका दिवसात शिकली. मलाच कौतुक वाटलं होतं.

आणि मग मी विसरून गेले. खरं सांगते, साफ विसरले.

पोळ्याच्या सुमारास मला साइट नवी करायची हुक्की आली. जुनी पानं पसरली होती नुसती: बंद पडलेल्या योजना, तारखा उलटून गेलेल्या भरत्या. लोक जुन्या पत्त्यावर यायचे आणि फोन करून माझं डोकं खायचे. म्हणून मी सर्व्हरवर एक नियम लिहिला. कोणी कोणताही जुना पत्ता मागो, त्याला सरळ नव्या मुख्य पानावर आणून सोडायचं. त्यातही हा बदल कायमचा आहे, असं ठणकावून लिहिलं. एका ओळीत सगळा पसारा आवरला म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर लय खूश होते.

त्या ‘कोणताही’मध्ये काकाही होता, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. त्याच्या फाइली जिथल्या तिथे होत्या, धक्काही लागला नव्हता. पण बोर्ड रिठदचा आणि गाडी दर वेळी रिसोडच्या स्टँडवर, असा प्रकार झाला होता. काकू कपाट उघडून फोन धरायची आणि समोर यायचं, ‘जातीचा दाखला, पीक विमा, सर्व फॉर्म भरून मिळतील.’

म्हाताऱ्यांना थांबायला सांगून मी सर्व्हरची नोंद उघडली. कोणत्या वेळी, कुठून, काय मागितलं गेलं, ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. ‘वाचन’ मागणारा एकच फोन होता. बाकी आम्ही सगळे, रडून घेतलेले, आमच्यातलं कोणी तिकडे फिरकलंही नव्हतं. रोज पहाटे पाच-दहाला तो एकच फोन यायचा आणि दर वेळी एकच फाइल मागायचा, अकराव्या संध्याकाळची. पोळ्यानंतर त्याला मुख्य पान मिळालेलं दिसत होतं. पहिल्या पहाटे चारदा. मग आठवडाभर रोज एकदा. मग अश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपतो त्या दिवशी, एकदा. पुढं काहीच नाही. मला माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटली.

दुरुस्ती म्हटलं तर एका ओळीची. ‘वाचन’पासून सुरू होणारा पत्ता आला तर त्याला हात लावू नको, जसा आहे तसा जाऊ दे आणि पुढचे नियम वाचू नको. ओळ लिहिली, साठवली, उघडून पाहिलं. घ्या! पुन्हा पीक विमा. घाईत मी ती ओळ सगळ्यात खाली टाकली होती. सर्व्हर वरून खाली वाचतो, आणि वरचा ‘कोणताही’ तिच्यापर्यंत कोणाला पोचूच देत नव्हता. इतकी वर्षं हे काम करते आणि चूक पहिल्या दिवसाची! काकू शेजारच्या स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. “जाऊ दे वं,” ती म्हणाली, “संपला असंल तं असंल. तू कायले जीव जाळतं?”

मी ओळ उचलून सगळ्यात वर नेली आणि माझ्या फोनवर लावून पाहिलं. दुकानात काका खोकला.

अंगठ्याच्या रांगेतला एक म्हातारा ताडकन म्हणाला, “अरे, हा तं आपला कंडक्टर!”

काकूनं घाईघाईनं स्वतःचा फोन पुढं केला. कोडचा फोटो मी तिला तेव्हाच पाठवून ठेवला होता, त्यावरून उघडलं. पीक विमा.

“पाह्य,” ती म्हणाली, “तुह्या फोनात हायत ते. माह्यातले संपले.”

मी ‘कायमचं’ असं ठणकावून लिहिलं होतं ना, ते तिच्या फोननं इमानदारीनं लक्षात ठेवलं होतं. सर्व्हर सुधारला तरी फोन त्याला विचारायलाच जात नव्हता. मेमरी साफ करायला एक मिनिट लागलं असतं. पण त्याआधी मला बोलणं भाग होतं. नाहीतर तिनं पुन्हा हिशेबानं, जपून जपून ऐकलं असतं.

“काकू, आवाज संपला नव्हता. म्या बंद केला होता. चुकून.”

“म्हंजे म्या नाही?”

“नाही.”

“रोज ऐकल्यानं नाही?”

“नाही वं माय. हजार खेपा ऐक. तो बॅलन्स नाही संपाले.”

तिनं पदर तोंडाला लावला आणि एवढ्या लोकांत, अंगठ्याच्या मशीनसमोर, हमसून हमसून रडली. “अडीच महिने मी सोतालेच कोसून राह्यली होती,” ती म्हणाली. “म्हणो, पुरवून ऐकाले पाह्यजे होता. आपलीच हाव नडली.” मी वाईट वाटल्याचं सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि ते फार तोकडं होतं.

फोनची मेमरी साफ केली. यादी उघडली. काकूनं डोळे पुसले आणि न वाचता, सवयीनं बोट अकराव्या संध्याकाळवर ठेवलं.

“हेच काहून रोज?” मी विचारलं.

“चूप, आयक,” ती म्हणाली.

काका वाचत होता. एक परिच्छेद झाला. पान उलटल्याचा आवाज आला. मग काका थांबला आणि भर विहारात, त्याच्या त्या टपापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाला, “चष्मा कुठी ठेवला वं माहा?”

पुढं सगळं शांत. ती जागा मला माहीत होती. फोन मी काकासमोर ठेवला होता आणि बाया मागं भिंतीजवळ बसायच्या, त्यामुळे तिकडचं काही भरलंच गेलं नव्हतं. ती रिकामी जागा कापून टाकायची असं मी ठरवलंही होतं, आळसापायी राहून गेलं.

काकू फोनकडे झुकली.

“डोक्श्यावर हाय तुमच्या,” ती म्हणाली.

आणि फोनमधला अख्खा विहार हसला.