परीक्षेच्या सकाळी बंद इंटरनेट

कॉन्स्टँटिन शहरातल्या एका उतरत्या गल्लीत झुबीर बेल्काइदचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कोणत्या कंपनीनं कोणाला गिळलं, इंटरनेटचा नवा कायदा कोणाच्या सोयीचा, यावर तो शहराच्या एका बातम्यांच्या वेबसाइटवर दर आठवड्याला लिहितो. लोक सिमकार्डसुद्धा त्याला विचारून घेतात. शेजारचा न्हावी चिडवतो, "झुबीर, माझी बायको रुसलीय. सरकारचं यावर धोरण काय?"

जूनमधला त्याचा लेख ठरलेला असे. बारावीच्या शालान्त परीक्षेचे पेपर फुटू नयेत म्हणून त्या सकाळी देशभर इंटरनेट बंद ठेवतात. झुबीर दर वर्षी त्याविरुद्ध लिही आणि बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी लेख पाठवी. वेबसाइट सांभाळणारा तरुण नसीम तो लगेच लावी.

यंदा त्या संध्याकाळी लेख आला नाही, म्हणून नसीम झुबीरच्या घरी गेला. झुबीरची मुलगी लमिस पुस्तकं पसरून बसली होती. ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसत होती.

"बाबा, या वेळी नका लिहू," ती म्हणाली.

"अगं, एका चोरासाठी सगळ्या गावाचे दिवे घालवायचे का? टॅक्सीवाले, दवाखाने, सगळे अडतात."

"तो चोर गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या बाकावर होता. इंटरनेट उशिरा बंद झालं, तेवढ्यात फोनवर उत्तरं आली, तो डॉक्टर व्हायला गेला. मी इथे बसलेय."

"म्हणून मी तोंड शिवून घेऊ?"

"तुमचं दुकान दुपारी पुन्हा उघडतं, बाबा. माझं गेलेलं वर्ष नाही उघडत."

 झुबीरच्या बायकोनं नसीमपुढे कॉफी ठेवली. "घे, नसीम. लेख मिळायचा तेव्हा मिळेल." नसीम रिकाम्या हातानं परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंटरनेट गेलं. लेख पाठवायची वाटच बंद झाली. नसीमनं जुनाच एखादा लेख शोधायला घेतला, तेवढ्यात झुबीर धापा टाकत वेबसाइटच्या ऑफिसचा जिना चढून आला. लमिसला परीक्षेसाठी शाळेत सोडून तो थेट आला होता. त्यानं पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

नसीमनं फाइल उघडली. वरचा अर्धा लेख लमिसचा होता, तिच्या नावानं. बंदी का हवी ते तिनं रोखठोक लिहिलं होतं. खाली झुबीरचं उत्तर. नसीम बघतच राहिला. इतक्या वर्षांत झुबीरनं आपल्या लेखातला स्वल्पविरामही कोणाला हलवू दिला नव्हता.

"काका, लोक म्हणतील, पोरीनं बापाला हरवलं."

"म्हणू देत. हरवलंच आहे थोडं."

"म्हणजे तुमचं मत बदललं?"

"नाही. बंदी चूकच आहे. पण बंदीमुळे कोणाचं काय वाचतं, ते मी आजवर एका ओळीतही लिहिलं नव्हतं. इंटरनेट आलं की लाव. लमिसचा भाग वर ठेव."

"एक शब्द खटकतोय तिच्या भागात."

"हात लावू नकोस. मीही लावला नाही."

मग तो शाळेच्या फाटकाकडे निघाला. बाकीचे बाप तिथे आधीच भिंतीची सावली धरून उभे होते.