लक्ष्मीपूजनातून उठून गेलेली भाची

माझ्या भाचीइतकी वाया गेलेली मुलगी अख्ख्या दिल्लीत सापडणार नाही. लोक म्हणतात, कॅन्सरवर संशोधन करते, केवढा अभिमान! अभिमान तुम्ही बाळगा. नोएडातलं नळांचं दुकान मी शून्यातून उभं केलं आणि वाढवलं ते हिच्या भरवशावर. बारावीत असताना हिने एका बिल्डरला असा गुंडाळला, की नको असलेले शॉवर घेऊन वर तोच 'थँक यू बेटा' म्हणाला. अशी पोरगी एम.एस्सी. झाली आणि प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत कॅन्सरच्या पेशी पाळू लागली!

पाळू लागली म्हणजे अक्षरशः. त्यांना वेळेवर खाऊ, त्यांना ऊब, त्यांचे रुसवेफुगवे. इथे दिल्लीत द्वारकेला घरी आली की कोपरापर्यंत हात धुणार आणि पापडाच्या डब्यावर स्पिरिट फवारणार. बघायला आलेल्या मुलाला हिचा पहिला प्रश्न, "रविवारी सकाळी लॅबला सोडशील?" तो गेला तो गेलाच. वर मलाच ऐकवते, "मामा, यार, पेशींना रविवार कळत नाही."

गेल्या दिवाळीत तर कहर झाला. दुकानात लक्ष्मीपूजन, पाटावर हिला बसवलेलं, चार व्यापारी मुद्दाम बोलावलेले. त्यांच्यासमोर गल्ल्याची किल्ली हिच्या हाती द्यायची होती. आरती सुरू झाली आणि ही घड्याळ बघून उठली. "सॉरी मामा, उपाशी मरतील त्या." मीही तसाच मागोमाग लॅबवर. तिच्या पीएच.डी.च्या गाइड बाईंना हिंदीत सुनावलं, "पाच वर्षं फार होतात. तीन करा, विषय संपवा."

बाई हसल्या. "भाईसाहब, मेरे पिताजी भी यही बोलते थे."

भाचीने मला मायक्रोस्कोपशी बसवलं. तांदळाच्या कण्यांसारखं काही पसरलं होतं. "ज्या बाईच्या गाठीतून या आल्या, ती केव्हाच गेली," ती म्हणाली. "या अजून वाढतायत. का थांबत नाहीत, तेवढंच शोधतेय."

"बाईचं नाव काय?"

"नाव नाही ठेवत, मामा. नंबर असतो."

"वा! एवढं घेतलंत तिचं, आणि साधं नाव ठेवता येत नाही?" तिथेही मी भांडलो. बाटली दोन्ही हातांनी उचलून तिने उबेच्या कपाटात ठेवली आणि दार आवाज न करता लावलं.

जिन्यात विचारलं, "पीएच.डी. झाल्यावर तरी दुकानात बसशील ना?"

"बघू, मामा."

सगळा जन्म दुकानात गेला माझा. 'बघू' म्हणून उठलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तरी तोंडातून निघालं, "सावकाश ये गं. दुकान कुठे पळून चाललंय?"