कप्तानाच्या बायकोचा सूर्यास्त

नदीच्या या काठावरची माणसं त्या काठावर नेणारी ती लाँच केवढी, तर चार बाकांची. पण चालवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला! संध्याकाळची शेवटची फेरी पश्चिमेच्या काठावरून निघायची नि पूर्वेच्या धक्क्याला लागायची. धक्क्याच्या वरच त्याचं घर. म्हणजे पाठीमागे सूर्य बुडायचा, उतारू 'आहाहा' करायचे आणि कप्तान आपला समोर डोळे लावून उभा. चाक हातात असताना मागे बघून चालतं होय?

बायको मात्र रोज त्या वेळी दाराच्या पायरीवर बसलेली असायची, तोंड पाण्याकडे. त्याने खुंट्याला दोर टाकला की उठून आत चहा ठेवायला जायची. "हिला सूर्यास्ताचं भारी वेड," असं तो उतारूंना कौतुकाने सांगायचा.

निवृत्त झाल्यावर तोही पायरीवर बसू लागला आणि पहिल्याच आठवड्यात पार खुळावला. पाणी आधी पिवळं, मग तांबूस, मग काळंभोर. त्याची नजर म्हणून हलेना. बायको शेजारी मटार सोलत बसायची.

लेक शहरात, नदीपासून लांब राहायची. तिच्याकडे एक खोली रिकामी, इमारतीला लिफ्ट. इकडे धक्क्याचा चढ चढून आईचे गुडघे कामातून गेलेले. लेक दोनदा न्यायला आली, दोन्ही वेळा कप्तानाने तिला वाटेला लावलं. "तुझ्या आईला पाण्याशिवाय करमायचं नाही गं." शेवटी तिने फोनवर निर्वाणीचं सांगितलं. रविवारपर्यंत कळवा, नाहीतर मी खोली भाड्याने देते.

त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "तू काळजी करू नकोस. तुझा सूर्यास्त मी सुटू देणार नाही."

"माझा?" तिने हातातली शेंग खाली ठेवली. "अहो, तो मेला सूर्य नेमका डोळ्यात जायचा! तुमची बोट दिसायची नाही. कपाळावर हात धरून बसायचे मी. दोर पडला की जीव भांड्यात पडायचा."

"मग आता कशाला बसतेस?"

"तुम्ही बसता म्हणून."

"एवढ्या वर्षांत बोलली नाहीस ती!"

"विचारलंत कधी? लेकीकडे जायचं का, तेही नाही."

समोर पाणी तांबूस व्हायला लागलं होतं. हे सोडायचं म्हटल्यावर कप्तानाची नजर तिथून निघेना. बायको भिंतीला धरून उठली आणि "आई गं" म्हणाली. रोजच म्हणत असणार. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने लेकीला फोन लावला. "रविवारी येतो आम्ही."

"अरे वा! आई तयार झाली?"

"ती केव्हाचीच तयार होती गं," तो म्हणाला. "अडून मीच बसलो होतो."