दोन बोटं आखूड दस्ता

पोलिसांच्या शस्त्रागारातल्या मिस्त्रींना सगळे तेलबाबा म्हणत. सव्वीस वर्षं बंदुका उघडून पुसून त्यांच्या अंगाला तेलाचा असा वास बसला होता, की ते जिन्यात असतानाच बायको दार उघडायची. माणूस तसा अबोल. पण पंपाच्या बंदुकीचा, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढली की नवं काडतूस चढतं तिचा, विषय निघाला की ऐकणाऱ्याने बसून घ्यावं.

एक दिवस साहेब म्हणाले, "नव्या बंदुका घ्यायच्यात. काय काय हवं ते लिहून द्या."

आजवर बाबांना कुणी विचारलंच नव्हतं. गडी हरखला. चार दिवसांत एकोणीस पानं! नळी चकचकीत नको, उन्हात आरशासारखी चमकते. सेफ्टीचं बटण वर, अंगठ्याखाली हवं, म्हणजे डावखुऱ्याचीही सोय. मूठ अडखळायला नको आणि खुळखुळायलाही नको. एका स्क्रूवर तर अख्खं पान.

साहेबांनी गठ्ठा हातात तोलला. "एका पानात बसवा."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. घरी बायकोने भाजी निवडता निवडता सगळं वाचायला लावलं.

"हे काढा. हेही काढा."

"अगं, हा बंदुकीचा जीव आहे!"

"असेल. ऐकताना माझा जातोय."

पान झालं. मग विक्रेता नमुना घेऊन आला. बंदुकीला टॉर्च, पट्टे, काय काय लटकवलेलं. साहेब खूश. बाबांनी बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि तुकडीतल्या सगळ्यात बुटक्या शिपाईताईंना बोलावलं.

ताईंनी बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता खांद्याला लावला. हात ताणला तरी मुठीला जेमतेम बोटांची टोकं लागली.

"बाबा, मी हिला धरलंय की हिने मला?"

"सवय होईल मॅडमना," विक्रेता हसला.

"हात लांब व्हायची सवय कशी होते, ते सांगा की," बाबा म्हणाले आणि आतून एक जुनी बंदूक घेऊन आले. तिचा दस्ता त्यांनीच कधीतरी दोन बोटं आखूड कापून बसवला होता. ताईंनी ती उचलली, मूठ ओढली. खटक, खटक. कुठे अडखळणं नाही.

साहेबांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं. "दस्त्याचं यात कुठे आहे?"

"बाराव्या पानावर होतं, साहेब." बाबांनी खाली बघितलं. "घरून कापलं गेलं."

साहेब इतके हसले की विक्रेत्यालाही हसावं लागलं.

पाच महिन्यांनी बंदुका आल्या. नळ्या काळ्या, मंद. दस्ता लहान-मोठा करता येणारा. टॉर्चही आला, कारण तो साहेबांना आवडला होता. बाबा त्याला "दिवाबत्ती" म्हणून नाक मुरडतात.

पहिली बंदूक ताईंना मिळाली. मैदानावर त्यांनी पाच बार काढले, तेव्हा बाबा कानात बोळे घालून मागे उभे होते. नेम कुठे लागला, हे त्यांनी विचारलंच नाही.

"खांदा दुखला का?" एवढंच विचारलं.