बॅटरी पितंय कोण?

माझ्या सासूबाईंना "तुम्ही बसा, आम्ही बघतो" असं म्हणायची चूक मी लग्नानंतर एकदाच केली. मिक्सर बंद पडला होता. दुरुस्तीला न्यायला मी पिशवी शोधत होते, तेवढ्यात बाईंनी मिक्सर उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं आणि चटणी वाटायला सुरुवातही केली. वर मला म्हणाल्या, "बसते की. चटणी झाली की बसते."

त्यांचं नाव शालन, पण जयनगरच्या त्यांच्या गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात. मूळच्या निपाणीच्या, लग्न होऊन बेंगळुरूत आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं नोकरी. "ऑपरेटर होतात ना?" असं कुणी विचारलं की त्यांचं डोकं सटकतं. "ऑपरेटर न्हवं, टेक्निशियन! खड्ड्यात उतरून केबली जोडल्यात मी." सासरे गेल्यापासून आठ वर्षं त्या एकट्या राहतात. मी आणि माझा नवरा अभिजीत महादेवपुऱ्यात, ऑफिसच्या जवळ. मधे शहराचं ट्रॅफिक, त्यामुळे आमची भेट पंधरा दिवसांनी, ती पण जमली तर.

त्यांच्या दारात बारा वर्षांची छोटी लाल गाडी उभी असते. उभीच असते, हे अभिजीतचं म्हणणं. भाजीला चालत, देवळात चालत, चिकपेटला जायचं तर मेट्रो. गाडी निघते महिन्यातून दोनदा, शनिवारी दुपारी, दोन-अडीच तास. आणि गेल्या वर्षापासून तीही धड निघत नव्हती. आधी जुनी बॅटरी मेली. नवी घातली. नवीने वर्षाच्या आतच मान टाकली. किल्ली फिरवली की नुसतं टकटक टकटक, मग मदतीच्या नंबरवर फोन करा, कुणीतरी वायरी जोडून सुरू करून देणार, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

अभिजीत कधीपासून गाडी विका म्हणून मागे लागला होता. शेवटी त्याने गिऱ्हाईकच आणलं. त्याच्या ऑफिसातला त्रिविक्रम, बायकोला शिकायला जुनी गाडी हवी होती. अक्का फोनवर म्हणाल्या, "रविवारी धाला घेऊन ये त्याला. पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली नाही तर नेऊ दे, मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. सुरू झाली तर तू विकायचं नाव काढायचं नाहीस. कबूल?" अभिजीत लगेच कबूल म्हणाला. गाडी सुरू होत नाही याची त्याला खात्रीच होती.

गाडीचे कागद शोधून ठेवायला म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मला पाठवण्यात आलं. मी गेले तर सासूबाई कागद वगैरे काही शोधत नव्हत्या. बॉनेट उघडं, बॅटरीला कुणाकडून तरी आणलेला चार्जर लावलेला, आणि स्वतः पायरीवर बसून शेंगा सोलतायत.

"आई, कशाला एवढा जीव काढताय गाडीत?" मी विचारलं. मी पुण्याची, मला गोलगोल बोलता येत नाही. "कॅब आहेत, मेट्रो आहे."

"गाडीचं काय गं," त्या म्हणाल्या. "लोखंड ते. पण गाडी गेली की मी विचारून जाणारी बाई होणार. कुणी सोडतंय का, कुणी रिकामं आहे का, कुणी माझ्यासाठी कॅब बोलावतंय का. मला ते जमायचं नाही मैत्रेयी. मला त्याची भीती वाटते."

अक्कांच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी त्यांच्या शेजारी शेंगा सोलायला बसले.

रात्री मी तिथेच राहिले. शनिवारी सकाळी चार्जर काढून दोन तास झाल्यावर त्यांनी मीटर आणला. नोकरीतला नाही, तो खात्याला परत केला. हा निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला. बॅटरीच्या दोन टोकांना दोन सुया टेकवल्या. "बारा पॉइंट एक. रात्रभर खाऊन साडेबाराच्या वर पाहिजे होती. आता तू आत बस आणि किल्ली फिरव." मी फिरवली. गाडी कण्हत कण्हत सुरू झाली, पण त्या एका क्षणात आकडा साडेआठवर आपटला. "बघितलंस? ओझं आलं की बसली. बॅटरी गेली ही." इंजिन चालू असताना पुन्हा टेकवलं तर चौदा पॉइंट दोन. म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारं यंत्र ठणठणीत होतं.

"मग झालं तर," मी म्हटलं. "वॉरंटी आहे, बदलून आणू."

"आणि तीही मरू दे? अगं, दोन मेल्या. तिसरी घालायच्या आधी विचार नको करायला? गाडी बंद असताना कोणतरी वीज पितंय. त्याला आधी धरायचं."

मग सुरू झाला त्यांचा खरा खेळ. बॅटरीची काळी वायर सोडली आणि वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला, म्हणजे जी काही वीज गाडीत जाईल ती मीटरमधूनच जाणार. दार उघडं असलं की आतला दिवा लागतो, म्हणून दाराची कडी स्क्रू-ड्रायव्हरने दाबून गाडीला दार बंद असल्याचं भासवलं. "आता स्वल्प थांब. गाडी झोपायला वेळ घेते." वीस मिनिटं थांबलो. मला दम धरवत नव्हता, मी तीनदा वाकून बघितलं, तिन्हीदा ओरडा खाल्ला. आकडा थांबला एकशे दहा मिलिअँपिअरवर.

"झोपलेल्या गाडीनं वीस-पंचवीस प्यायला पाहिजे. ही पाचपट पिते. आठ-दहा दिवसांत बॅटरी कोरडी."

मला वाटलं, आता एकेक फ्यूज काढत बसणार. छे! त्यांनी निम्मे फ्यूज एकदम उपटले. "केबलीत फॉल्ट असला की आम्ही टोकापासून शोधत जायचो नाही. मधोमध तोडायचं. फॉल्ट या अर्ध्यात की त्या अर्ध्यात? मग त्या अर्ध्याचं अर्धं. मैलभर केबल असली तरी सात-आठ वेळा तोडली की सापडतोच." निम्मे काढले, आकडा एकशे सहा. उरलेले काढले, आकडा शंभर. सगळे फ्यूज हातात आणि गाडी तरी पितेच आहे! मी म्हटलं, मीटर बिघडला असेल. अक्का हसल्या. असं हसणं मी फक्त कॅरममध्ये राणी घेतलेल्या माणसाच्या तोंडावर बघितलंय.

"मीटर बरोबर आहे. पिणारा फ्यूजपेटीतून येतच नाही. थेट बॅटरीवर तोंड लावून बसलाय."

त्यांनी लाल टोकाजवळ बोट फिरवलं. मोठ्या वायरीच्या खाली एक बारीक वायर, काळ्या टेपने लपेटलेली, गाडीच्या आत गेलेली.

ती वायर कसली ते मला माहीत होतं. शप्पथ सांगते, त्या क्षणापर्यंत डोक्यातही आलं नव्हतं. मागच्या दिवाळीच्या आधी अभिजीतने गाडी आमच्या बाजूला सर्व्हिसिंगला आणली होती, तेव्हा त्याने तिच्यात ट्रॅकर बसवून घेतला होता. आई एकटी असते, काही झालं तर कळायला नको का? मला पटलं होतं. आईला सांगायचं नाही, हेही मला पटलं होतं, आणि त्याची लाज मला त्या बॉनेटसमोर उभी असताना वाटली.

आणि त्या ट्रॅकरनेच आमची झोप उडवली होती. अभिजीतच्या फोनवर गाडीचा ठिपका दिसायचा. महिन्यातून दोन शनिवारी तो ठिपका मल्लेश्वरमला जायचा, पाच मिनिटं थांबायचा आणि मग तास-दीड तास नुसता हिंडायचा. त्याच रस्त्यांवरून, गोल गोल, कुठेही न थांबता. पुन्हा मल्लेश्वरम, मग घरी. अभिजीतने ते चार-पाचदा बघितलं आणि एक दिवस पांढराफटक होऊन मला म्हणाला, "मैत्रेयी, आई रस्ता विसरते गं." त्याच्या आजीचं शेवटी तसंच झालं होतं. गाडी विकायचा हट्ट तिथून सुरू झाला. आईला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर ट्रॅकर उघडा पडणार.

तोवर अक्कांनी डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून काडेपेटीएवढी काळी डबी बाहेर ओढली होती. "मैत्रेयी, हे काय आहे?"

"ट्रॅकर आहे, आई. गाडी कुठे आहे ते फोनवर दिसतं. अभिजीतने लावलाय. मला माहीत होतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "कधी?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे दोन्ही बॅटऱ्या यानं खाल्ल्या." त्यांनी वायर सोडवली, फ्यूज परत बसवले, मीटरकडे बघितलं. आकडा दहावर आला होता. डबी पदराला पुसून त्यांनी खिडकीत ठेवली. "सरी," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "आधी काम."

दुपारी जुनी बॅटरी रिक्षात घालून आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने त्याच्या यंत्रावर ओझं घालून तपासली आणि वॉरंटीत बदलून द्यायला तयार झाला. त्याने समोरची उचलून दिली, तर अक्कांनी तिच्यावरचा तारखेचा शिक्का वाचून परत केली. "ही आठ महिने फळीवर बसलीय, अण्णा. मागची काढा." दुकानदार कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला, यांनी कन्नडमध्येच त्याला दोन शब्द सुनावले, आणि गेल्या महिन्याची बॅटरी बाहेर आली.

बसवायची मात्र माझ्याकडून बसवून घेतली. "लाल आधी, काळी शेवटी. काढताना उलटं. पाना लाल टोकावर असताना बाजूच्या पत्र्याला लागू द्यायचा नाही, काळी जोडलेली असली तर ठिणग्या उडतील." टोकं आवळली, वर पेट्रोलियम जेली फासली. किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. मी आनंदाने ओरडले. अक्का नेहमीसारख्या हसल्या नाहीत. रात्री जेवताना फक्त म्हणाल्या, "त्याला फोन करून काही सांगू नकोस." मी नाही सांगितलं.

रविवारी बरोबर दहाला अभिजीत त्रिविक्रमला घेऊन आला. अक्कांनी किल्ली त्रिविक्रमच्याच हातात दिली. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. अभिजीत म्हणाला, "आज झाली गं आई, पंधरा दिवसांनी पुन्हा—"

"होणार नाही," म्हणून अक्कांनी खिडकीतली डबी आणून त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याचा चेहरा असा उतरला की मलाच बघवेना. बिचारा त्रिविक्रम, "मी कॉफी पिऊन येतो" म्हणून गेटबाहेर सटकला.

"आई, काळजी वाटते म्हणून गं..."

"तेहतीस वर्षं अख्ख्या जयनगरच्या लायनी माझ्या हातात होत्या," अक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द तोलून बोलत होत्या. "तपासायला रिसीव्हर कानाला लावला की कुणाचंही बोलणं ऐकू यायचं. भांडणं, रडणं, लग्न जमवणं. लाइन चालू आहे एवढं कळलं की मी कान काढायची. कुणी बघत नव्हतं, तरी काढायची. आणि माझाच मुलगा?"

अभिजीत खाली बघून म्हणाला, "तू गोल गोल फिरतेस. दीड-दीड तास. मला वाटलं, तू आजीसारखी... रस्ता विसरतेस."

अक्का पायरीवर बसल्या. आता चिडतील, असं मला वाटलं. पण त्यांचे डोळे भरून आले होते. "मला भ्रम झालाय असं वाटलं तुला, आणि वर्षभर तू एकट्यानं ते पोटात ठेवलंस? अरे कप्पाळ माझं! विचारायचं नाहीस का?"

"भीती वाटली."

मग त्यांनी सांगितलं. एक्स्चेंजमध्ये त्यांच्या शेजारी वीस वर्षं बसलेली भाग्यलक्ष्मी मल्लेश्वरमला असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं घरात पडून आहे. रिक्षात बसता येत नाही, कॅबवाले तिला चढवायला लागणाऱ्या वेळाला वैतागतात. तिला कुठेही जायचं नसतं. फक्त काच खाली करून रस्ते बघायचे असतात. म्हणून अक्का तिला उचलून पुढच्या सीटवर बसवतात आणि पेट्रोल असेपर्यंत फिरवतात. ती म्हणेल ती गल्ली, म्हणेल तितक्यांदा.

"काल तिचा शनिवार होता," अक्का म्हणाल्या. "आज नेते म्हणून सांगितलंय. तू चल. तिला उचलायला दोघं असलेली बरी."

त्रिविक्रमला मी गेटवरच काय ते सांगून वाटेला लावलं. मायलेक गेले. मी फोन हातात घेतला आणि सवयीने अभिजीतला 'कुठे पोचलात?' असं लिहायला लागले, मग पुसून टाकलं. ते दोघं तीन तासांनी आले. अक्का हात धुवायला आत गेल्या. मी अभिजीतला विचारलं, "कुठे गेला होतात एवढा वेळ?"

"कुठेच नाही," तो म्हणाला. "नुसते फिरलो." आणि माझ्यासमोर, दारातच उभा राहून रडायला लागला.