मागाच्या रुळावरची चित्रं

भंडाऱ्याच्या फ्रेमवाल्याकडे आज मी जुन्या धोतराची गुंडाळी सोडली आणि कोशाच्या रेशमाचा मातकट वास आला. कॉलेजात असताना छापलेली माझी मोठाली चित्रं इतक्या वर्षांनीही सुरकुतीशिवाय उलगडली.

तेव्हा फ्रेम परवडत नव्हत्या. आंधळगावच्या घराच्या ओसरीत मी ती चित्रं प्लास्टिकच्या बारीक नळीत कोंबत होते. एकाची कड मुडपलीही होती. शेजारचे कोसा रेशीम विणणारे काका दारातूनच ओरडले, "पोरी, काहून कोंबून राहिली? कापड आमी नळीत कोंबतो का? रुळावर गुंडाळतो."

ते मागाचा, विणलेलं कापड गुंडाळायचा जाड लाकडी रूळ घेऊन आले. मला आधी हात धुऊन कोरडे करायला लावले. मग रुळावर धोतराचा एक पदर, त्यावर एकेक चित्र, मध्ये पातळ कागद, असं सैलसर गुंडाळत गेले.

"पडूनच हाये हा रूळ," ते म्हणाले. "फ्रेमा झाल्या का आणून देजो."

आज रूळ मोकळा झाला, तेव्हा त्याच्या खाचेत कोशाचा धागा अडकलेला दिसला. मग आठवलं, त्या दिवसापासून काकांच्या दोन मागांपैकी एक बंदच असायचा. मला वाटायचं, काम नसेल.

"ताई, हे लाकूड फेकून देऊ का जी?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"थांबा," मी म्हटलं. हात धुतले, नीट कोरडे केले आणि मगच रूळ उचलला.